आमची वाटचाल : ए कार्ड, बी कार्ड

मिरजेतला आमचा इंग्रजी संभाषणाचा क्लास कार्डांवर उभा आहे. पोस्टकार्डाएवढी जाड पुठ्ठ्याची कार्डं, स्वयंपाकघरातला टायमर, टेबलावरची घंटी आणि हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एवढंच आमचं भांडवल. बाक घेतलेच नाहीत. बाकावर जोड्या बदलता येत नाहीत.

ए कार्डावर 6 एसटी गाड्यांच्या सुटण्याच्या वेळा, बी कार्डावर त्याच गाड्यांची भाडी. एकाकडे जे छापलेलं, ते दुसऱ्याकडे मोकळं घर. "व्हॉट टाइम डझ द पुणे बस लीव्ह?" आणि "हाउ मच इज द टिकेट?" ही दोन वाक्यं आधी 5 मिनिटं सगळ्यांकडून म्हणून घ्यायची, मग 8 मिनिटं जोडीत सोडायचं. मुलं हमखास समोरच्याच्या कार्डात डोकावतात, म्हणून खुर्च्या पाठीला पाठ लावतो. आवाज चढतो. चढू द्यावा, पुटपुटणारी मुलं तिथेच मोकळी होतात. घंटी वाजली की नवं कार्ड, नवा जोडीदार. तिसऱ्या फेरीला वाक्य तोंडात बसलेलं असतं.

चुका ठरलेल्या. "मला दोन भाऊ आहेत" डोक्यात असतं, म्हणून तोंडातून "आय ॲम टू ब्रदर्स" निघतं. तिथल्या तिथे तोडायचं नाही. शिक्षकाने चिठ्ठीवर टिपावं आणि शेवटच्या 5 मिनिटांत नाव न घेता फळ्यावर मांडावं. मध्येच टोकलेली मुलगी पुढचे चार दिवस तोंड उघडत नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी दुसरा क्लास आला. '30 दिवसांत फाडफाड इंग्रजी', फी आमच्या निम्मी. आमची 24 जणांची बॅच 5 वर आली, जागेचं भाडं तीन महिने थकलं. फी पाडली याचा राग नाही, धंद्यात ते चालतं. राग आहे तो कार्डांचा. आमचीच कार्डं झेरॉक्स केली आणि ए-बी दोन्ही एकाच कागदावर छापून प्रत्येकाच्या हातात दिली! सगळं समोर लिहिलेलं असल्यावर मुलाने विचारायचं काय, आणि कशासाठी? मुलं प्रश्नोत्तरं वाचून दाखवायची. पालकांना ते वाचणं म्हणजेच बोलणं वाटलं, हे आजही सलतं.

त्या दिवसांत आम्हाला धरून ठेवलं एका हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी. मिरजेला पेशंट कर्नाटकातूनही येतात. रिसेप्शनवरच्या मुली मराठीत आणि मोडक्या कानडीत निभावून न्यायच्या, पण लांबच्या नातेवाइकाचा इंग्रजीतून फोन आला की रिसीव्हर दुसरीच्या हातात. बाईंनी दर बॅचला 4 मुली पाठवल्या, फी आगाऊ. त्यांच्यासाठी कार्डं वेगळी केली : एकीकडे डॉक्टरांच्या वेळा, दुसरीकडे पेशंटला जमणारे दिवस, आणि बोलून अपॉइंटमेंट ठरवायची. आडनाव विचारताना "कुड यू स्पेल दॅट?" घोटून घेतलं. फोनवर बी, डी, पी, टी सारखेच ऐकू येतात, म्हणून "बी फॉर बॉम्बे" म्हणायची सवय लावली. मार्च 2020 नंतर वर्ग बंद पडले तेव्हा हीच कार्डं फोनवर चालवली. तिथे डोकावायची सोयच नव्हती.

नव्याने क्लास काढणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. चेंडू फेकून प्रश्न विचारायचा खेळ घ्याल, तर आधी प्रश्न, मग मनात तीन आकडे, मग चेंडू. आधी नाव घेतलंत की बाकीचे विचार करणं सोडतात. आणि संख्या विषम झाली तर शिक्षकाने जोडीदार बनू नये, वर्गावरची नजर जाते. तिसऱ्याला कागद-पेन्सिल द्या, जोडीच्या प्रत्येक प्रश्नाला एक रेघ. 8 मिनिटांत 10 च्या आत रेघा आल्या, तर आम्ही त्या कार्डावरची मोकळी घरं 6 वरून 4 वर आणतो आणि दुसऱ्या दिवशी तेच कार्ड पुन्हा लावतो.