प्लस पाचची दोन भिंगे

घरी बनवलेल्या कॅमेऱ्याची प्लायवूडची पेटी दोन रविवारांत उभी राहिली. भिंग ठरायला मात्र चार महिने लागले. पेटी १२० नावाच्या रुंद रोल-फिल्मसाठी आहे. एका चौकोनी फ्रेमचे प्रत्यक्ष माप सुमारे ५६ गुणिले ५६ मिमी, म्हणजे कर्ण ७९ मिमी भरतो, आणि भिंगाने फिल्मवर निदान एवढ्या व्यासाचे प्रकाशवर्तुळ टाकलेच पाहिजे. जुन्या ३५ मिमी कॅमेऱ्याची ५० मिमी लेन्स कितीही नामांकित असली, तरी ती ४३ मिमी कर्णाच्या फ्रेमसाठी घडवलेली असते. माझ्या पेटीत तिने चारही कोपरे काळे ठेवले असते.

म्हणून आधी एन्लार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठे चित्र टाकणाऱ्या यंत्राची, ७५ मिमी लेन्स घेतली. ती या मापाची फ्रेम पूर्ण झाकते, छिद्र लहानमोठे करण्याची कडी तिच्यातच असते, आणि जवळच्या अंतरासाठी बनवलेली असली तरी एफ/११ इतक्या लहान छिद्रावर दूरचे दृश्यही नीट देते. विकणाऱ्याने ‘एकदम स्वच्छ’ म्हणून दिलेली ती लेन्स घरी टॉर्चसमोर धरली, तेव्हा आत बुरशीचे जाळे पसरलेले दिसले. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या काचेचे हेच होते. टॉर्च दुकानातच न्यायला हवा होता, ही चूक माझी.

मग ठाण्यात नौपाड्यातल्या गोखले रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात गेलो. चष्म्याचा नंबर हा भिंगाची शक्ती सांगतो. १००० ला त्याने भागले की नाभीय अंतर, म्हणजे दूरचे दृश्य भिंगामागे जेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटते ते, मिलिमीटरमध्ये मिळते, त्यामुळे प्लस १० म्हणजे १०० मिमी. “नंबर कुणाचा?” असे दुकानातल्या काकांनी विचारले, आणि “डब्याचा” या उत्तरावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

अंतर्गोल बाजू दृश्याकडे आणि तिच्यापुढे लहान छिद्र, ही एकेरी भिंगाची मांडणी इंग्रज शास्त्रज्ञ वोलॅस्टन यांनी १८१२ मध्ये सुचवली होती. ती मी जशीच्या तशी केली. चित्र अपेक्षेपेक्षा बरे आले, पण तलावाकाठच्या तलावपाळीच्या कठड्याची सरळ रेघ पिंपासारखी बाहेर फुगली. छिद्र भिंगाच्या पुढे असले की रेषा बाहेर वाकतात आणि मागे असले की आत. तेव्हा ते दोन सारख्या भिंगांच्या मधोमध ठेवले, तर दोन्ही दोष एकमेकांना बहुतांशी खोडून काढतात. जर्मन भिंगकार श्टाइनहाइल यांची १८६५ ची ‘पेरिस्कोप’ लेन्स याच तत्त्वावर होती.

त्यामुळे पुन्हा काकांकडे जाऊन प्लस ५ ची दोन भिंगे घेतली, म्हणजे मिळून जवळपास प्लस १०. ती साध्या सीआर-३९ प्लास्टिकचीच मागितली. महागडे पॉलिकार्बोनेट पडल्यावर फुटत नाही, पण रंग फार फाकवते. रंग कमी फाकण्याचे माप असलेली अ‍ॅबे संख्या सीआर-३९ ची सुमारे ५८, तर पॉलिकार्बोनेटची ३० च्या आसपास असते. या एका बाबतीत स्वस्त वस्तू सरळसरळ सरस आहे. दोन्ही भिंगे कडेने घासून घेतली आणि अंतर्गोल बाजू एकमेकींकडे करून, २० मिमी अंतरावर, प्लंबिंगच्या नळीच्या तुकड्यात बसवली. जोडीचे नाभीय अंतर सुमारे १०५ मिमी होते. मागच्या भिंगापासून फिल्म मात्र ९५ मिमीवर येते, आणि हा फरक न धरल्यामुळे माझी पेटी एकदा कापावी लागली. नेमकी जागा शेवटी फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून, समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे रोखून ठरवली.

मधले छिद्र साडेचार मिमीचे, म्हणजे साधारण एफ/२२ चे (नाभीय अंतराच्या सुमारे बाविसाव्या भागाएवढे) आहे. १०० आयएसओ संवेदनशीलतेच्या फिल्मला दुपारच्या उन्हात तेवढ्यावर १/५० सेकंद पुरतो, आणि डब्याच्या झाकणाचा शटर करणाऱ्याला ते साधणे शक्य नाही. सूर्य उगवण्याच्या सुमारास मात्र एक सेकंद लागतो, म्हणून मी पहाटे तलावावर जातो. पहिल्या रोलच्या १२ चित्रांपैकी ७ जमली. कडा अजूनही मऊ येतात, पण कठडा सरळ आहे.