मुंबई–नागपूर: अंतर एकच, वेळा दोन

डिसेंबरपासून मुंबई–नागपूर ही एकच जोडी धरून बसलोय. दर शनिवारी एक जाणारं आणि एक येणारं विमान, उडती विमानं थेट दाखवणाऱ्या ऑनलाइन नकाशावर बघायचं. चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंतची मिनिटं वहीत. तिकिटावरची वेळ मी घेत नाही. त्यात धावपट्टीच्या रांगेतलं उभं राहणंही धरलेलं असतं.

आधी माझी चूक सांगतो, नव्याने सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडेल. मुंबई विमानतळाचं रेखांश ७२ अंश ५२ मिनिटं. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर काढायला मी शीटमध्ये ते तसंच ७२.५२ भरलं. मिनिटांना ६० ने भागायचं असतं, म्हणजे हवं होतं ७२.८७. बाकीचे आकडेही तसेच भरले आणि अंतर आलं ७१५ किमी. समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा, तोही भिवंडीजवळ आमणेपासून. आकाशातली सरळ रेघ त्याहून लांब कशी? तिथेच शंका आली. दुरुस्त केल्यावर, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरून, उत्तर ६८३ किमी. ही रेघ छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ डोक्यावरून जाते आणि पुढे अकोला-वाशिमच्या मधून.

विमान मात्र त्या रेघेवर चालत नाही. मुंबईत बहुतेक वेळा उड्डाण पश्चिमेकडे होतं. नागपूरला जायचं असूनही विमान आधी जुहूवरून समुद्रावर जातं, मग वळसा घेऊन पूर्वेला तोंड करतं. माझ्या नोंदींत जाताना प्रत्यक्ष कापलेलं अंतर ७३० किमीच्या आसपास येतंय. येताना हा वळसा नसतो, उतरणं पूर्वेकडूनच होतं. म्हणून मी धरून चाललो होतो की येताना वेळ कमी लागेल.

जानेवारीने ते साफ खोटं ठरवलं. जाताना ६२ मिनिटं, येताना ७२. हिवाळ्यात दहा किलोमीटर उंचीवर आपल्याकडे पश्चिमेचा जोरदार वारा असतो. नागपूरकडे जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो, मुंबईकडे येणाऱ्याच्या तोंडावर येतो. विमानाचा हवेतला वेग तोच, पण जमिनीवरून मोजलेला वेग दोन दिशांना वेगळा. हा फरक आपल्या वहीत, आपल्या हाताने उतरलेला पाहिला तेव्हा खरंच फार आनंद झाला.

आता जुलै. खाली पश्चिमेचा वारा छत्र्या उलट्या करतोय आणि वर त्याच उंचीवर वारा पूर्वेकडून वाहतोय. गेल्या तीन शनिवारी जाताना ६७-६८ मिनिटं, येताना ६५-६६. पारडं फिरलं! एका पावसाळी शनिवारी मुंबईवर घिरट्या घालून विमान ९१ मिनिटांनी उतरलं. ती नोंद खोडली नाही, पण सरासरीत धरली नाही. तिच्यासाठी वेगळा रकाना केलाय. खोडाखोड करू नये असं माझं ठाम मत आहे.

ऑक्टोबरमध्ये मान्सून परततो तेव्हा दोन्ही वेळा पुन्हा कधी फाकतात, ते आता आठवड्यातून दोनदा बघणार आहे. कोणी पुणे–नागपूर धरत असाल तर चाकं उचलणं ते टेकणं हीच मोजणी ठेवा आणि उंचीही लिहा, म्हणजे आपल्या वह्या शेजारी ठेवून बघता येतील.