तासाला पन्नास मिली

"मॅडम, बेगीन येवा. पिल्लां गरागरा फिरतत आणि मगे आडवी पडतत."

आवाज ओळखीचा होता. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, समुद्राला लागूनच त्याची डुकरांची शेड. आठ माद्या, एक नर आणि गोव्यातली ठरलेली गिऱ्हाइकं. ईस्टर तोंडावर आलेला, त्यामुळे मोठा माल त्याने नुकताच काढला होता. मागे राहिली होती ती दूध तोडलेली पिल्लं, दहा-दहा किलोची. ताप आहे का विचारलं, तर म्हणाला, "थर्मामीटर खय ठेवलंय तो गावना नाय."

२०२० साली आफ्रिकन स्वाइन फीव्हर ईशान्येकडून देशात शिरला, तेव्हापासून डुकरांबद्दलचा असा फोन कुठलाही पशुवैद्य निवांतपणे घेत नाही. आपल्याकडे लस नाही, औषध नाही. निदान पक्कं झालं की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची, ज्याची आजारी नाहीत त्याचीसुद्धा. म्हणून गाडी शेडपासून लांब उभी केली, बूट बदलले, परिचराला चुना आणि प्लास्टिक काढायला सांगितलं. कुंपणापाशी शेजारचे तिघे-चौघे जमलेच होते. त्यातला एक मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याला आधी हाकललं.

एक पिल्लू माझ्यासमोरच सुरू झालं. प्रथम नाकाचा शेंडा थरथरला, नुसता शेंडा. मग मान ताठ होऊन डोकं झटक्याझटक्याने वर आणि मागे जाऊ लागलं. डोक्यामागोमाग ते चार पावलं उलटं चाललं, ढुंगणावर बसलं आणि कुशीवर कोसळून पाय मारू लागलं. मिनिटभराने उठलं, भिंतीला कपाळ टेकवून उभं राहिलं. मी घड्याळ लावलं. सहा-सात मिनिटांनी पुन्हा नाकाचा शेंडा. पुढची फेरीही तेवढ्याच अंतराने आली.

डुकरात असं काय काय करतं, याची यादी प्रत्येक पशुवैद्याच्या डोक्यात असते. मी पिल्लं एकेक धरून तापमान घेत गेले. ३९.२, ३९.४, ३९.१. नुकताच झटका येऊन गेलेल्याचं ४०.२ भरलं, पण एवढी धडपड केल्यावर तेवढं चढणारच. कान लाल नाहीत, पोटावर रक्ताचे डाग नाहीत. ई. कोलाय या जिवाणूमुळे होणाऱ्या सूजेच्या आजारात पापण्या फुगतात आणि आवाज बसतो. इथे पापण्या चपट्या होत्या आणि आवाज तर पार रस्त्यापर्यंत जात होता. शेजारच्या खणांत माद्या आरामात खात होत्या. आजार फक्त शेवटच्या खणात होता, आणि पिल्लांनी कधी न ऐकलेल्या शिस्तीने एका खणाच्या भिंतीपाशी थांबणारा साथीचा ताप मी अजून पाहिलेला नाही.

शेवटच्या खणात गेले आणि पाण्याच्या निपलची पिन अंगठ्याने दाबली. फुस्स झालं, तांबूस पाण्याचा एक थेंब बोटावर आला आणि तेवढंच. दुसरं निपल दाबलं. तेही कोरडं. जांभ्याच्या विहिरीचं पाणी, उघड्या उन्हातली प्लास्टिकची नळी. आत लाल गाळ आणि हिरवं शेवाळ बसून लाईनीच्या टोकाला पाणी पोहोचतच नव्हतं. पहिल्या सात खणांत धो धो येत होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

"खाद्य दाखव," म्हटलं.

मका भरडा, कोंडा, खाऱ्या मासळीचा चुरा, आणि त्यात काळपट तपकिरी असं काहीतरी चुरलेलं. कोपऱ्यात त्याच्याच पाच गोण्या. मालवण-वेंगुर्ल्याच्या खडकांवर पावसाळा संपल्यावर सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ वाढतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सुटून किनाऱ्यावर ढिगाने येतं. तेच त्याने गोळा करून पुळणीवर वाळवलं होतं, न धुता. पानांवर मिठाचे पांढरे खडे नुसत्या डोळ्यांना दिसत होते. मी खाद्याची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकले. पाच किलोला एक किलो, असं त्याचं माप होतं. वर मासळीचं मीठ वेगळंच.

"ह्या कोणी सांगलान?"

"व्हिडिओत होता. दूध तोडल्यावर हगवण लागना नाय म्हणान. थयल्या कुठल्याशा बेटार मेंढरां ह्याच खाऊन जगतत."

तेवढ्यात त्याची आई पुढे आली. सकाळपासून तिच्या मनात काहीतरी टोचत असावं. "सकाळी तानेन भिंती चाटत होती ओ ती. म्हणान मिया टब भरून ठेवलंय. कशी तुटान पडली त्येच्यार!" आणि तासा-दीड तासाने पहिलं पिल्लू फिरायला लागलं.

इथे चित्र पूर्ण झालं. डुक्कर पुष्कळ मीठ पचवतं, समोर पाणी असेल तोवर. पाणी तुटलं की रक्तातलं सोडियम चढतं, मागोमाग मेंदूतलंही. अशा जनावराला एकदम पोटभर पाणी मिळालं, की रक्त पातळ होतं पण मेंदूतलं मीठ तितक्या लवकर बाहेर पडत नाही. पाणी तिकडे ओढलं जातं आणि कवटीच्या आत मेंदू सुजतो. त्या माउलीने जे केलं ते कुणीही केलं असतं. मी तिला तेव्हा एवढंच म्हटलं, "काकी, टब उचला."

रक्त घेऊन परिचराला सावंतवाडीच्या एका खासगी लॅबकडे पिटाळला. माणसांची लॅब, पण रक्त माणसाचं की डुकराचं, याने सोडियम मोजायच्या यंत्राला काही फरक पडत नाही. दुपारी फोन आला: १७४. दीडशेच्या वर गेलं तरी आम्ही सावध होतो.

उपाय सांगायला सोपा आहे: वजनाच्या अर्धा टक्का पाणी, तासातून एकदा. दहा किलोच्या पिल्लाला पन्नास मिली. चहाच्या कटिंगपेक्षाही कमी. त्यापुढे एक थेंब नाही. करायला मात्र याहून वाईट काम मला आठवत नाही. २२ पिल्लं, मार्चातली दुपार, वर पत्रा, आणि ज्यांना शुद्ध होती ती सगळी माझ्या हातातल्या सिरिंजकडे बघून किंचाळत होती. डुकराचं पिल्लू किंचाळतं तेव्हा कानात काहीतरी फाटल्यागत वाटतं. पन्नास मिली गालात सोडायचं, ते चाटून पुसून घेणार, माझ्या बुटाला नाक घासणार, आणि मी पुढच्याकडे वळणार. झटका चालू असलेल्यांना तोंडाने काही द्यायचं नाही, श्वासनळीत जातं; त्यांना झटके थांबवणारं डायझेपाम. माझ्या बॅगेतली कुपी चारच पिल्लांत संपली, उरलेल्यांसाठी काकीच्या मुलाने वेंगुर्ल्याला जाऊन आणली.

दुसऱ्या फेरीला काकी घरात निघून गेली आणि दार लावून घेतलं. "तानेल्या जिवाक पानी नाय म्हणूचा म्हणजे काय," एवढं आतून ऐकू आलं. तिला समजावण्यात अर्थ नव्हता. तिचं बरोबरच होतं, फक्त त्या दिवशी लागू नव्हतं. तिसऱ्या फेरीला ती बाहेर आली ती मोबाईलला गजर लावूनच. मग मापाचं काम तिनेच हातात घेतलं. कफ सिरपच्या टोपणाने मोजून, बशीत ओतून, एकेका पिल्लापुढे. मी चुकून जास्त ओतलं तर तिचीच बोलणी खावी लागत होती.

संध्याकाळपर्यंत तीन मेली. त्यातलं एक मी शेडमागच्या खड्ड्यापाशी प्लास्टिकवर उघडलं. प्लीहा आकाराने आणि रंगाने व्यवस्थित, गाठी व्यवस्थित, म्हणजे स्वाइन फीव्हरची खूण नाही. जठराचा आतला पडदा मात्र लालभडक, आणि त्यात सरगॅसमचे ते हवेचे फुगे, मिरीच्या दाण्यांएवढे, अख्खेच्या अख्खे. चिमटीत धरून दाबला तर फट् असा फुटला. मुलगा बघत होता. "म्हणजे पचलांच नाय?"

फेऱ्यांच्या मध्ये वेळ होता, तेव्हा त्याला सांगत बसले. कारण शेवाळाला सरसकट नावं ठेवायला माझं मन होत नव्हतं. त्याची अडचण खरी होती. आईचं दूध तुटलं की पिल्लू एक-दोन दिवस धड खात नाही. आतड्याच्या अस्तरावरचे केसासारखे उंचवटे तेवढ्यात खुरटतात. दुधातली साखर बंद झाल्यामुळे जठरातली आंबट चव उतरते, आणि ई. कोलाय आतड्याला चिकटून बसायला मोकळे. यावर युरोपात वर्षानुवर्षं खाद्यात झिंक ऑक्साइड ओतलं गेलं. जून २०२२ पासून तिथे औषधी मात्रेत ते बंद आहे, कारण शेणातून बहुतेक जस्त जमिनीत जातं. आपल्याकडे कोलिस्टिन हे प्रतिजैविक होतं. जनावरांसाठी त्यावर २०१९ साली बंदी आली, आणि यावी तशीच आली. माणसाच्या शेवटच्या फळीचं औषध डुकराच्या हगवणीवर घालवणं मला कधीच पटलं नव्हतं. म्हणजे या पोराने मागच्या वेतात हगवणीत निम्मी पिल्लं घालवली होती आणि हातात देण्यासारखं माझ्याकडेही स्वच्छता, आंबवलेलं खाद्य आणि दूध हळूहळू तोडण्याचा सल्ला यापलीकडे फारसं नव्हतं. तो शेवाळाकडे वळला यात नवल नाही.

आणि व्हिडिओत सांगितलेलं सगळंच खोटं नव्हतं. तपकिरी शेवाळात लॅमिनारिन आणि फ्युकोइडन नावाची दोन कर्बोदकं असतात. डुकराला स्वतःला ती पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, त्यातून आतड्याच्या पेशींना उपयोगी आम्लं मिळतात, आणि लॅमिनारिन तर रोगप्रतिकारक पेशींना थेट जाग आणतं. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात यावर बरीच वर्षं काम झालंय. पण तिथे काय देतात? लॅमिनेरियासारख्या थंड पाण्यातल्या शेवाळातून काढलेला, मीठ वगैरे वेगळं केलेला अर्क. लॅमिनारिनची मात्रा टनामागे तीनशे ग्रॅमच्या घरात. तू दिलंस टनामागे दोनशे किलो, तेही आख्खं, समुद्रासकट.

"दोनशे किलो?" त्याने बोटांवर हिशेब केला आणि गप्प झाला.

शिवाय सरगॅसममध्ये लॅमिनारिन मुळात कमी, अल्जिनेट हा चिकट पदार्थ आणि क्षार जास्त. याच कुळातलं हिजिकी जपानी लोक खातात. त्यात आर्सेनिक इतकं सापडलं की ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ साली ते खाऊच नका असं सांगितलं. आणि बेटावरच्या मेंढ्या म्हणशील तर त्या आहेत, स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, नॉर्थ रोनाल्डसेला. १८३२ साली दगडी भिंत घालून त्यांना किनाऱ्यावर ठेवलं, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या त्यावर आहेत. तुझ्या पिल्लांचं दूध तुटून आठवडा झालाय.

गजर वाजला. आम्ही उठलो.

रात्री मी घरी गेले, ते दोघं गजर लावून बसले. सकाळपर्यंत आणखी तीन गेली. पुस्तकं आजारी पडलेल्यांतली निम्म्याहून जास्त मरू शकतात म्हणून सांगतात, म्हणून १६ वाचली याला मी तरी यश म्हणेन. त्याच्या वहीत तो तोटाच आहे आणि तेही खरंच आहे. वाचलेल्यांतली दोन पिल्लं काही दिवस आंधळी होती, भिंतीला आपटत फिरायची. काकीने त्यांना स्वयंपाकघराच्या पडवीत ठेवलं. दोघांना पुढे दिसायला लागलं.

नमुने पुण्यामार्गे भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेत गेले होते, ते आफ्रिकन स्वाइन फीव्हरसाठी निगेटिव्ह आले. वाडीत बातमी मात्र उलटी आधीच फिरली होती, आणि त्या शूटिंगवाल्याने खुलासा काही फिरवला नाही. फॉर्मेलीनमधल्या मेंदूच्या तुकड्यात रक्तवाहिन्यांभोवती इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींची कडी सापडली. डुकरातल्या मिठाच्या विषबाधेची ही ओळख पहिल्या दोनेक दिवसांतच दिसते, मग त्या पेशी निघून जातात. तुकडा लगेच घेतला म्हणून सापडली.

पुढच्या वेळी गेले तेव्हा नळीवर काळं प्लास्टिक गुंडाळलेलं होतं आणि शेवटच्या खणात दोरीला पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली बांधलेली. दूध तोडलेल्या पिल्लाच्या निपलमधून मिनिटाला अर्धा लिटर तरी पाणी यायला हवं. तो रोज सकाळी शेवटचं निपल दाबून बाटली भरतो आणि मोबाईलवर वेळ बघतो. अर्काची चौकशीही त्याने केली होती. आयात मालाचा भाव ऐकून सध्या बेत रहित. गाभण मादीला शेवटच्या दिवसांत आणि दूध पाजेपर्यंत अर्क दिला तर पिल्लांना फायदा दिसतो, असे प्रयोग झालेत, हे मी त्याला सांगितलं. आठ माद्यांचा खर्च पिल्लांच्या खाद्यापेक्षा आवाक्यात येतो का, हे तो मांडून बघणार आहे.

निघताना काकीने गोण्यांकडे बोट केलं. "ह्या शेवाळाचा आता काय करू?"

"माडाच्या आळ्यात घाला. पण पावसात चांगलं धुऊन निघू दे आधी."

"माडाक मीठ चलता ओ," ती म्हणाली, आणि त्या बाबतीत तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.