तुम्ही विचारलंत म्हणून: गुलाबाशेजारी आयरिस चालेल का?

गुलाब आणि आयरिस एकाच वाफ्यात लावले तर चालतील का, असं तुम्ही विचारता. या प्रश्नामागे बहुतेक वेळा कुठेतरी पाहिलेला एक फोटो असतो: मागे गुलाबाचा बहर, पुढे जांभळ्या आयरिसची रांग आणि दोन्ही एकाच वेळी फुललेले. चालतात. पण त्याआधी मला सांगा, तुम्ही पाणी कसं घालता? नळी धरून सगळ्या वाफ्यावर सरसकट मारत असाल, तर ही जोडी तुमच्यासाठी नाही. निदान बिअर्डेड आयरिस तरी नाही. (खाली लोंबणाऱ्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो तो बिअर्डेड. फोटोत बहुधा तोच असतो.)

वरवर पाहिलं तर पत्रिका छान जुळते. दोघांनाही दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागतं. जमिनीचा सामू (pH) 6.5 च्या आसपास असला की दोघांची तक्रार नसते. पाणी साचलेलं दोघांनाही सोसत नाही. भांडण आहे ते जमिनीखाली.

गुलाब खादाड आहे. त्याला आळं हवं, आळ्यात खोलवर मुरणारं पाणी हवं, वर्षातून निदान एकदा भरपूर शेणखत किंवा कंपोस्ट हवं आणि वरून पालापाचोळ्याचं आच्छादन मिळालं तर तो आणखी खूश. बिअर्डेड आयरिसचा जाड कंद जमिनीलगत आडवा पसरतो आणि त्याची पाठ उघडी, उन्हात तापलेलीच राहायला हवी. गुलाबाच्या प्रेमापोटी घातलेलं आच्छादन त्या पाठीवर गेलं, त्यावर रोजचं पाणी पडलं, की कंद सडतो. ही सड जिवाणूंमुळे होते. पानांचा पंखा एका बाजूला कलतो, हाताने ओढला तर अलगद निघून येतो, आणि मग जो वास येतो त्यावरून निदान करायला कुणा तज्ज्ञाची गरज पडत नाही. नत्राचंही तसंच. गुलाबाला नत्रामुळे जोमदार फुटवे येतात. आयरिसमध्ये तेच नत्र पानं लुसलुशीत करतं, फुलं कमी करतं आणि सडीला दार उघडून देतं.

म्हणून एकाच वाफ्यात दोन जमिनी करायच्या. गुलाब नेहमीच्या पातळीवर, आपापल्या आळ्यात. वाफ्याच्या उन्हाकडच्या कडेला साधारण 10 ते 15 सेंटिमीटर उंच वरंबा घालायचा, माती जड असेल तर त्यात जाडसर वाळू किंवा बारीक खडी मिसळायची आणि आयरिस त्या वरंब्यावर लावायचा. गुलाबाच्या बुंध्यापासून निदान 45 सेंटिमीटर, जमलं तर 60. पाणी ठिबकने आणि फक्त गुलाबाच्या आळ्यात. आयरिसची तंतुमुळं मातीच्या वरच्या थरात पसरतात, गुलाबाची बरीच खोल जातात, त्यामुळे अन्नावरून फारशी ओढाताण होत नाही. नवा आयरिस रुजेपर्यंत त्याला पाणी द्यावं लागतं. नंतर माती वरून चांगली कोरडी झाल्याशिवाय देऊ नका. खत द्यायचंच तर कमी नत्राचं, मूठभर, कंदाच्या भोवती. कंदावर नाही.

लावताना पंख्याची दिशा बघा. ज्या टोकाला पानं, त्या टोकाकडे कंद पुढे सरकत जातो. पानं गुलाबाकडे तोंड करून लावलीत तर दोन-तीन वर्षांत आयरिस काट्यांच्या जाळीत शिरतो आणि तिथून त्याला काढणं म्हणजे शिक्षा. म्हणून पंखा बाहेरच्या बाजूला. जुने जाणते सांगतात की कंदाची उघडी बाजू सूर्याकडे हवी, म्हणजे स्वतःच्याच पानांची सावली त्यावर पडत नाही. वरंबा उन्हाकडच्या कडेला असला की या दोन सल्ल्यांचं आपसात जमत नाही. अशा वेळी कंद कडेला समांतर ठेवला तर दोन्ही थोडंथोडं साधतं. ऊन कडक असेल तिथे मी बेधडक बाहेरची दिशा निवडते.

मोकळ्या जागेचा हट्ट आणखी एका कारणासाठी. गुलाबावर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीचे बीजाणू रुजायला पान सलग सात-एक तास ओलं राहावं लागतं. बुंध्याला खेटून आयरिसची दाट भिंत उभी केली की खालची हवा कोंडते आणि सकाळचं दव दुपारपर्यंत सुकत नाही. आयरिसच्या पानांवरही ठिपके पडतात, पण ती बुरशी वेगळी. एकाचा रोग दुसऱ्याला लागत नाही. गळलेली गुलाबाची पानं मात्र कंदांवर साचू देऊ नका, रोज नाही जमलं तरी आठवड्यातून एकदा उचला.

इतका खटाटोप कशासाठी, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो, आणि खरं तर मला याच प्रश्नाचं उत्तर द्यायला आवडतं. रंगासाठी. गुलाबात निळा नाही. निळ्या-जांभळ्या फुलांत जे डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते बनवण्यासाठी लागणारं जनुकच गुलाबाकडे नाही, त्यामुळे संकर करून करून पैदासकार फार तर फिक्या जांभळ्यापर्यंत पोचले. बिअर्डेड आयरिसची अडचण नेमकी उलटी. त्याच्याकडे निळ्या-जांभळ्याच्या इतक्या छटा आहेत की नावं पुरत नाहीत, पण खरा लाल नाही. 'लाल' म्हणून जो विकला जातो तो तांबूस, विटकरी किंवा वाइनसारखा असतो. म्हणजे एका वाफ्यात खराखुरा लाल आणि खराखुरा निळा शेजारीशेजारी हवा असेल, तर तो एकट्या गुलाबाकडूनही मिळत नाही आणि एकट्या आयरिसकडूनही नाही.

यातली गंमत अशी की निळ्या गुलाबाच्या शोधात आयरिस खरोखरच गुलाबाच्या मदतीला धावून आला आहे. जपानच्या सनटोरी कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या फ्लोरिजीनबरोबर वर्षानुवर्षं हे काम केलं. 2007 मध्ये त्यांचं जे संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात गुलाबात पॅन्सीच्या कुळातलं एक जनुक घातलं होतं, गुलाबाचं स्वतःचं एक जनुक दाबून टाकलं होतं आणि त्याच्या जागी डच आयरिसचं जनुक कामाला लावलं होतं. डेल्फिनिडिन तयार झालं. 2009 पासून त्यांचा जनुकबदल केलेला गुलाब जपानमध्ये विकायलाही आला. तरी फूल दिसतं ते जांभळटच, कारण रंगद्रव्याबरोबरच पाकळीतल्या पेशीरसाची आम्लताही रंग ठरवते. खराखुरा निळा गुलाब येईपर्यंत आपल्याला निळ्यासाठी शेजारी आयरिस लावण्यावाचून पर्याय नाही.

छटा निवडताना माझं मत जरा ठाम आहे. गडद जांभळ्यापुढे गडद लाल ठेवू नका. दुरून दोन्ही काळवंडतात. फिकट पिवळा, पीच किंवा पांढरा गुलाब मागे आणि निळा आयरिस पुढे, हे क्वचितच फसतं. गुलाब लालच हवा असेल तर आयरिस फिकट आकाशी घ्या.

आता त्या फोटोबद्दल. उंच बिअर्डेड आयरिसचा बहर सरासरी दोन-तीन आठवड्यांचा, त्यातलं एकेक फूल दोन-तीन दिवसांचं. थंड प्रदेशात तो वसंताच्या शेवटी फुलतो आणि गुलाबाचा पहिला बहर बहुतेकदा तो ओसरताना सुरू होतो. दोघं एकत्र दिसतात ते जेमतेम आठवडा-दीड आठवडा. फोटो त्या दिवसांत काढलेला असतो. हे दिवस वाढवायचे तर आयरिसच्या उशिरा फुलणाऱ्या जाती आणि गुलाबाच्या लवकर फुलणाऱ्या, उदाहरणार्थ रुगोसा, अशी सांगड घालावी लागते. बुटके आयरिस या कामाचे नाहीत, ते फार आधी फुलून मोकळे होतात. हिवाळा सौम्य असेल तिथे मात्र एक युक्ती तुमच्या हातात आहे. छाटणीनंतर गुलाबाला फुलं यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तुमच्याकडे आयरिस कधी फुलतो ते एक वर्ष नोंदवून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्या तारखेपासून मागे मोजून छाटणी करा.

फक्त हिवाळा सौम्य असेल तर आधी आयरिसची जात बदला. बिअर्डेड आयरिसला हिवाळ्यात काही आठवडे चांगली थंडी लागते. ती नाही मिळाली तर नुसती पानं वाढत राहतात. वर दमट हवा आणि धो धो पाऊस असेल तर तेवढंही होत नाही. अशा ठिकाणी लुइझियाना आयरिस बघा. दलदलीतल्या जातींपासून तयार झालेला हा गट, त्यामुळे त्याला पाणी आवडतं, भरपूर खत आवडतं, किंचित आम्ल माती आवडते आणि त्याच्या कंदावर आच्छादन घालावंच लागतं, नाहीतर ते उन्हाने भाजतात. थोडक्यात, वर मी जे जे करू नका म्हटलं ते सगळं याला चालतं. गुलाबाच्या आहाराशी याचा आहार इतका जुळतो की वरंब्याचीही गरज नाही. हवा थंड आणि माती ओलसर असेल तर सायबेरियन आयरिस. त्याचं पातळ, गवतासारखं पान फुलं गेल्यावरही नेटकं राहतं, जे बिअर्डेडबद्दल कुणीही म्हणणार नाही.

गुलाब उभट वाढणारा निवडा. हायब्रिड टी प्रकारच्या झाडांच्या खालच्या काटक्या उघड्या पडतात, त्या आयरिसच्या पानांनी झाकल्या जातात. उंच खोडावर डोळा भरलेला (म्हणजे कलम केलेला) झाडगुलाब असेल तर उत्तमच, खाली ऊन पोचतं. जमिनीलगत पसरणारे गुलाब मात्र आयरिसला गिळून टाकतात.

फुलं संपली की आयरिसचा दांडा बुडातून कापा, पण हिरवी पानं ठेवा. पुढच्या वर्षीचं अन्न तीच साठवतात. बिअर्डेडचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो, मग बाजूला पिल्लं काढतो. म्हणून तीन-चार वर्षांनी, बहरानंतर सहा-आठ आठवड्यांनी, सगळा गड्डा उकरून मधले म्हातारे कंद टाकायचे आणि कडेचे कोवळे पुन्हा लावायचे. हे काम गुलाबाच्या काट्यांखाली गुडघे टेकून करायचं असतं, तेव्हा ते 60 सेंटिमीटर कुणी का सांगितले होते हे आपोआप समजतं.

आणि गच्चीवाल्यांचा प्रश्न: दोन्ही एकाच कुंडीत? नाही. गुलाबाला खोल कुंडी, आयरिसला उथळ आणि पसरट, दोन्ही एकमेकींना टेकवून ठेवा. फोटोत कुंड्या दिसत नाहीत.