दोन चमचे आगळ

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या आरोग्य केंद्रात कोण येणार, हे एकोणीस वर्षांत मला पाठ झालंय. आंब्यावरून पडलेले, काजूबीच्या तेलाने ओठ भाजलेले, विंचू चावलेले आणि मुंबईहून आजोळी आलेली पोरं. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरचं हे छोटं केंद्र. एक डॉक्टर, आम्ही दोघी सिस्टर आणि एक शिपाई.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास एक आजी रिक्षातून उतरल्या. नातू सात वर्षांचा, कडेवर घेण्याच्या वयाचा नव्हे, पण त्यांनी त्याला तसाच छातीशी आवळला होता. लुगड्याचा खांदा लालभडक झालेला. मागून नऊ-दहा वर्षांची नात अनवाणी धावत आली.

"सिस्टर, ह्येका आधी बघा गो बाय. रगात थांबनाच नाय."

"गडग्यार चढलो नि थयसून उडी मारल्यान," नात म्हणाली.

डाव्या कानाच्या वर दोन बोटं लांबीची जखम होती. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्याची धार लागलेली. घरच्यांनी दगडी पाला चोळून लावला होता, तो केसांत अडकून बसला होता. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या कापल्यावर चटकन आकसत नाहीत, त्यामुळे लहानशी जखमसुद्धा बघणाऱ्याचा जीव घाबरवते. डॉक्टर आत बाळंतपणात अडकले होते. मी पाला काढला, गॉजची घडी ठेवली आणि तळहाताने दाबून धरली. दहा मिनिटं हात उचलायचा नाही, मध्येच उघडून बघायचं नाही.

पोरगा रडत नव्हता. डोक्याला मार लागलेलं मूल गप्प असलं की मला धडकी भरते. शिपायाला टॉर्च धरायला लावून दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, नाव विचारलं, उलटी झाली का विचारलं, नाडी पाहिली. सगळं ठीक होतं. तरी तो छताकडे बघत पडला होता. मग मान न हलवता त्याने मामेबहिणीला हळूच सांगितलं, "माझी सायकल तू घे. आणि बाबांना सांग, मी मुद्दाम नाही पडलो."

आजींना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

"सायकल का रे देतोस?"

"मी मरणार ना आता."

तो विचारत नव्हता, मला सांगत होता.

"कोणी सांगितलं तुला?"

"रक्त आलं ना." मग मला कळलं नसेल असं वाटून त्याने नीट समजावलं, "जे मरत नाहीत त्यांना रक्त येत नाही. डोंगरावरून पडले तरी नाही येत."

कार्टूनमधलं सांगत होता तो. शाळेला सुट्टी लागल्यापासून मोबाईलवर तेच चाललं होतं. हिरो कड्यावरून पडतो, भिंतीवर आदळतो, अंगावर घर कोसळतं. डोक्याभोवती तारे फिरतात, एक टेंगूळ येतं आणि पुढच्या क्षणी तेही गायब. म्हणूनच तर तो गडग्यावरून उडाला. उतरल्यावर तारे फिरतील अशी त्याची अपेक्षा होती आणि हाताला लागलं गरम, चिकट, लाल काहीतरी. याचा अर्थ आपण हिरो नाही, हा हिशेब त्याने रिक्षातच करून टाकला होता.

"बांगडो कापताना येता तसाच तर आसा," बहीण म्हणाली. तिची आई मासे विकते, तिच्या लेखी रक्त म्हणजे रोज सकाळी धुऊन टाकायची गोष्ट. पण तिच्या बोलण्याने त्याला धीर आला नाही. बांगडा मेलेलाच असतो.

दहा मिनिटांनी हात उचलला. रक्त थांबलं होतं. पट्टी गुंडाळली आणि मुलीला म्हटलं, "माझी पिशवी आण बघू, त्यात लहान बाटली आहे." सोलकढीसाठी कोकमाचं आगळ आणलं होतं. ट्रेमध्ये कोरा गॉज पसरला, त्यावर पाणी शिंपडलं आणि दोन चमचे आगळ ओतलं. बघता बघता सगळं कापड लाल झालं, ट्रेच्या कडेला ओघळ आले.

"किती सांडलं?"

"खूप."

"दोन चमचे. तू बघितलंस." मग त्याला वजनकाट्यावर उभं केलं. बावीस किलो. मुलांच्या अंगात किलोमागे साधारण पाऊण डेसिलिटर, म्हणजे ७५ मिलिलिटर रक्त असतं. लिटरची एक भरलेली पाण्याची बाटली आणि दुसरी अर्ध्याहून जास्त भरलेली अशा दोन त्याच्यापुढे ठेवल्या. "एवढं तुझ्या आत आहे. बाहेर आलं ते फार तर अर्धा कप. आणि जे बाहेर आलं त्यानेच भोक बुजवलंय. रक्त स्वतःच घट्ट होतं, जाळं विणतं आणि दार लावून घेतं."

तो बाटल्यांकडे पाहत राहिला. मग पहिल्यांदा रडला. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. आजी घाबरल्या, पण मला हायसं वाटलं.

डॉक्टर आले, भूल दिली, चार टाके घातले. धनुर्वाताची पाचव्या वर्षीची मात्रा झाल्याचं आईने फोनवर कार्ड वाचून सांगितलं. उलटी, जास्त झोप, असंबद्ध बोलणं असं काही दिसलं तर लगेच परत या, असं सांगून चार तासांनी घरी सोडलं.

माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांशी बोलले तेव्हा त्यांनी दोन अभ्यास सांगितले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००० साली आलेला पहिला. १९३७ ते १९९९ या काळातले, सर्वांनी पाहण्याजोगे ठरलेले ७४ ॲनिमेशनपट तपासले, आणि हिंसा नाही असा त्यात एकही निघाला नाही. दुसरा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला, २०१४चा. मुलांच्या ॲनिमेशनपटांत महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका मोठ्यांच्या नाट्यमय चित्रपटांपेक्षा अडीच पट. म्हणजे मार आहे, मरण आहे, रक्तच तेवढं नाही. 'द लायन किंग'मधला बाप उधळलेल्या जनावरांच्या कळपाखाली सापडतो आणि नंतर अंगावर एक ओरखडा नसल्यासारखा पडलेला असतो. त्या पोराचा तर्क चुकला नव्हताच. पडद्यावर माणूस एकतर ठणठणीत असतो, नाहीतर मेलेला. मधलं काही नाही.

आणि माझी एकोणीस वर्षं त्या मधल्यातच गेली आहेत. धुणं, दाबणं, शिवणं, खपली धरेपर्यंत वाट बघणं.

रक्त का दाखवत नाहीत हे मला समजतं. चार वर्षांच्या मुलाला ते दाखवावं असं मी कधीच म्हणणार नाही. आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाचं 'यू' मिळालं तर सगळं कुटुंब एकत्र बसतं. २०२४ पासून 'यूए'चेही सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे झाले आहेत, तेव्हा लहानांचा चित्रपट काढणारा जपूनच चित्र काढणार. आमच्या दशावतारातही रक्त नसतं. पण तिथे रात्री मारला गेलेला राक्षस पहाटे देवळामागे रंग पुसत चहा पिताना मुलांना दिसतो. ते खोटं होतं हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही. मोबाईलवरचा हिरो असा कुठे भेटणार?

जपूनही दाखवता येतंच. 'फाइंडिंग निमो'मध्ये निळ्या माशाच्या नाकातून रक्ताची बारीकशी रेघ पाण्यात पसरते, एवढीच, आणि तो मासा पुढे जगतो, बडबडतो. २०१० सालच्या 'हाउ टू ट्रेन युवर ड्रॅगन'मध्ये शेवटी मुलगा अंथरुणावरून उठतो तेव्हा एक पाऊल नसतं, तिथे बनवलेला पाय असतो. रक्ताचा थेंबही दाखवलेला नाही. पण तो अडखळतो, ड्रॅगनचा आधार घेतो आणि चालू लागतो. मला तेवढंच हवं आहे. लाल रंग नका दाखवू. पुढच्या दृश्यात पट्टी असू दे, कोणीतरी ती बदलताना दिसू दे, हिरो दोन दिवस लंगडू दे.

आठव्या दिवशी टाके काढायला तिघंही आली. मी कात्री लावली तशी त्याने टाके मोठ्याने मोजले. चारही दोरे त्याला कागदाच्या पुडीत हवे होते. ते जंतुसंसर्ग होऊ शकणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात जातात असं सांगितल्यावर नाराज झाला.

"खूण राहणार ना?"

"राहील, पण केसांखाली. दिसणार नाही."

हे त्याला अजिबात आवडलं नाही. त्याने बहिणीचा हात ओढला, तिचं बोट कानाच्या वर नेलं आणि तिथला उंचवटा चाचपून दाखवला. "इथे. हे बघ, इथे."

ती नीट चाचपून म्हणाली, "व्हय, लागता हाताक." आणि मग, "सायकल पन माकाच दिल्यान हां."

"मी मरणार होतो म्हणून दिली होती!"

दोघं भांडतच जिना उतरली. आजी पाठीमागून ओरडत होत्या, "धावा नको रे, पडशात!"