अल्पवयीन मुलाचं प्रकरण कोर्टापर्यंत जातं कधी, थांबतं कुठे

नाशिकमधलं सातपूर असो, अंबड असो की पंचवटी, पोलीस ठाण्यात सतरा वर्षांच्या मुलाला आणलं की घरचे आधी जामिनाचं विचारतात. त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: एफआयआर झालाय, की फक्त स्टेशन डायरीत नोंद आहे?

बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये गुन्ह्यांचे तीन गट आहेत. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ. किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असेल तर निर्घृण. मधलं सगळं गंभीर. नियम असा की, निर्घृण गुन्हा असेल किंवा मुलासोबत प्रौढ आरोपी असेल, तरच एफआयआर. बाकी प्रकरणांत बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने डायरीत नोंद घ्यायची, सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरायचा आणि तो बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे अल्पवयीन मुलांवरची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळाकडे, पाठवायचा. मुलाला ताब्यात घेण्याची गरज नसेल, तर मंडळासमोर कधी यायचं ते पालकांना कळवायचं आणि मुलगा घरीच राहतो.

घोळ होतो तो ‘प्रौढ आरोपी’ या शब्दांवर. गाडीचोरीत चौघांपैकी एक जण वीस वर्षांचा निघाला की एफआयआर होतो आणि घरच्यांना वाटतं, आता चौघांचा खटला एकत्रच चालणार. तसं होत नाही. अल्पवयीन मुलाची चौकशी मंडळासमोर स्वतंत्रच चालते.

कलम कोणतं लागलं, हे डोळ्यांत तेल घालून पाहा. मोबाईल हिसकावला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 304, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे किरकोळ. तोच प्रकार जबरी चोरी म्हणून नोंदवला की गंभीर. फरक मोठा आहे. किरकोळ गुन्ह्याची चौकशी मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत आणि मुदतवाढ धरून सहा महिन्यांत संपली नाही, तर प्रकरण कायद्यानेच बंद होतं. गंभीर गुन्ह्याला ही सवलत नाही. आणि ज्याला गल्लीत ‘हाफ मर्डर’ म्हणतात, तो खुनाचा प्रयत्न निर्घृण गटात बसत नाही, कारण त्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नाही. हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आणि 2021 च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आलं. कोयत्याने वार झाले म्हणून मुलावर प्रौढासारखा खटला चालणारच, असं घाबरवणारे बरेच भेटतात. आधी कलम वाचा.

आता तो पार्श्वभूमी अहवाल. हा कागद सगळ्यात जास्त हलगर्जीपणाने भरला जातो, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचाही तोच आहे. शाळा का सोडली, घरात कोण कमावतं, व्यसन आहे का, मुलावर पूर्वी अत्याचार झालाय का, मोठ्यांनी किंवा टोळीने त्याला वापरून घेतलंय का, असे रकाने त्यात असतात. ‘वाईट संगत’ एवढे दोन शब्द लिहून तो पुढे गेला, तर मंडळाच्या हाती काहीच लागत नाही. आई दुसऱ्या पाळीला कंपनीत, बाप गावी, मुलगा नववीनंतर गॅरेजवर, हे लिहिलं गेलं तर मुलाला काळजी व संरक्षणाची गरज आहे हे दिसतं आणि मंडळ प्रकरण बाल कल्याण समितीकडे, म्हणजे अशा गरजू मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या समितीकडे, सोपवू शकतं. म्हणून पालकांनी लाजेखातर घरी बसू नये. ठाण्यात जावं, अधिकाऱ्याला सगळं सांगावं. मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घेता येत नाही, त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. ताब्यात घेतलंच, तर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत मंडळासमोर किंवा मंडळाच्या एखाद्या सदस्यासमोर हजर करावं लागतं.

सोबत जन्मतारखेचा शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र न्या. ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्डावर विसंबू नका, वयाच्या पुराव्यांत कायद्याने ते धरलेलं नाही. सुरगाणा-पेठकडचा मुलगा नाशिकमध्ये कामाला असतो, दाखला गावच्या आश्रमशाळेत, आणि घाबरून तो स्वतःच ‘एकोणीस’ सांगतो. मग प्रौढ म्हणून थेट न्यायालयात जातो. अल्पवयीन असल्याचा मुद्दा नंतर कधीही मांडता येतो, पण तोवर त्याचे दिवस तुरुंगात गेलेले असतात.

गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन हाच नियम. गुन्हेगारांची संगत, मुलाच्या जिवाला किंवा मनाला धोका, किंवा न्यायाचा हेतूच हरण्याची शक्यता, एवढ्याच कारणांवर नाकारता येतो आणि तीही लेखी द्यावी लागतात. तेव्हा मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात; नाशिकमध्ये उंटवाडीच्या निरीक्षणगृहाला लोक आजही रिमांड होम म्हणतात. गल्लीतली संगत हीच अडचण असेल, तर मामा-मावशीकडे दुसऱ्या गावी ठेवण्याची तयारी मंडळासमोर मांडा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

दोन आठवड्यांत परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी सामाजिक तपास अहवाल देतो. तो घरी येईल तेव्हा शेजाऱ्यांना कळेल म्हणून दार लावून घेऊ नका. दोष सिद्ध झाला, तरी समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या ताब्यात परिविक्षा (देखरेखीखाली घरी राहणं) हे पर्याय मंडळाकडे आहेत. विशेष गृहात ठेवायचं झालं तर जास्तीत जास्त तीन वर्षं.

प्रौढासारख्या खटल्याचा प्रश्न येतो तो फक्त 16 ते 18 वयात आणि निर्घृण गुन्ह्यात. पळून गेलेल्या जोडप्यांतला सतरा वर्षांचा मुलगा पॉक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 4 मुळे याच गटात येतो, हे पालकांना फार उशिरा कळतं. तिथे मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, घटना घडली ती परिस्थिती. मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. ती घेतली का, हे वकिलाला विचारा. मंडळाने प्रौढासारख्या खटल्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे (हे मंडळाहून वेगळं न्यायालय) पाठवलं तरी तिथेही प्रौढासारखा खटला नको असं ठरू शकतं, आणि मूल्यांकनाच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येतं.