हॉलमधला विटकरी गालिचा

दुकानात तो गालिचा पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा वाटला होता. घरी आणून पसरला, तर आई म्हणाली, "अगं, मटणाच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय!"

आमचा हॉल उत्तरेकडचा, थेट ऊन जवळजवळ नाहीच. खाली बिल्डरने दिलेल्या चकचकीत पांढऱ्या टाइल्स, वर राखाडी सोफा. 'दवाखान्यासारखं स्वच्छ' असं कौतुक ऐकून कंटाळले होते. म्हणून विटकरी रंग, कडेला मोहरीच्या रंगाची बारीक किनार, असा भदोहीचा सहा बाय नऊ फुटी लोकरी गालिचा घेतला. टफ्टेड, म्हणजे मागे कापड चिकटवलेला. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवरही नक्षी स्वच्छ दिसते, पण त्याच्या किमतीत आमचा सोफा दोनदा आला असता.

दुकानदार परत घेईना. "आवडला म्हणूनच नेलात ना, ताई?" यावर काय बोलणार!

दोन दिवस नुसती बघत बसले. सकाळी गालिचा बरा दिसायचा, रात्री ट्यूब लावली की कच्चा लाल. माळ्यावरून ट्यूबचं खोकं काढलं. त्यावर ६५०० केल्विन, म्हणजे निळसर पांढरा उजेड. दुकानात पिवळे दिवे होते, आणि गेरू, वीट, हळद या घराण्यातले रंग पिवळ्या उजेडातच खुलतात. ३००० केल्विनचे बल्ब आणले. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० लिहिलेलेच घेतले. हा आकडा कमी असला की नेमका लालच मरतो. संध्याकाळी बटण दाबलं आणि मटणाचं दुकान बंद झालं.

तरी दारातून आत येताना गालिचा काळपट दिसायचा आणि खिडकीतून पाहिला की उजळ. डाग असेल म्हणून हात फिरवला, तर एका बाजूने मऊ, उलट्या बाजूने खरखरीत. लव! ती आपल्याकडे झुकलेली असली की रंग गडद दिसतो, पलीकडे झुकलेली असली की फिका. मग सोफा, टीपॉय सगळं उचलून गालिचा उलट दिशेने फिरवला. नवऱ्याची पाठ अजून कुरकुरते आहे.

सोफा बदलणं परवडणारं नव्हतं. त्यावर घरातलीच मोहरी रंगाची सोलापुरी चादर टाकली, तेव्हा कुठे गालिच्याची किनार एकटी वाटेनाशी झाली. भिंतही टेराकोटा करायचं मनात होतं, शेड कार्ड आणलंसुद्धा. पण एवढ्याशा हॉलमध्ये खाली वीट आणि बाजूलाही वीट म्हणजे भट्टीच! भिंती बदामीच ठेवल्या.

आई परवा म्हणाली, "आता कसं, अंगणात काव लावल्यासारखं दिसतंय."

लोकर मात्र अजून गळते. नव्या टफ्टेड गालिच्याची काही महिने गळतेच म्हणे. आमचा चौथा महिना चालू आहे आणि रोज सुपलीत एक विटकरी बोळा असतोच.